दहाच्या सुईची सही

बसा जवळ, पण मधे बोलू नका. भुताखेतांना मी मानत नाही. पण माझी धाकटी बहीण खोटं बोलत नाही. निदान त्या रात्रीनंतर तरी नाही.

ती जळीत वॉर्डात नर्स. मागच्या वर्षीचा एक मंगळवार. रात्री दहाला चार नंबरच्या बेडवरच्या वेल्डरला पोटात सुई द्यायची होती. भाजलेला माणूस आठवडेच्या आठवडे पडून राहतो, पायात रक्ताची गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली की खेळ खलास. म्हणून रोज ही सुई. बहिणीची सवय अशी, की तक्त्यावर सुई दिल्याच्या सगळ्या सह्या आधी उरकायच्या आणि मग सुया देत फिरायचं. त्याप्रमाणे सही ठोकून ती कपाटातून औषध आणायला गेली.

परत आली तर वेल्डर टक्क जागा.

"ताई, मघाशी एक बाई आल्या होत्या. सुई झाली का म्हणाल्या. मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणाल्या, सही तर झालीय."

बहिणीला एकदम आठवलं. महिन्यापूर्वी याच बेडवर एक म्हातारी स्वयंपाकीण होती. पायांच्या जखमा भरत आलेल्या, दुसऱ्या दिवशी घरी जायची. बहिणीने सही केली, तेवढ्यात नवा पेशंट आला आणि सुई राहूनच गेली. पहाटे म्हातारी गुठळीनेच दगावली. तक्त्यावर सही होती, त्यामुळे कोणी विचारलं नाही, आणि हिनेही तोंड उघडलं नाही.

मग आता कळलं कोणाला? मेट्रनने पाळत ठेवली? की दारात बसणाऱ्या आयामावशीने कान फुंकले? हिचा संशय मावशीवरच.

"मावशी, आत्ता आत कोण आलं होतं?"

"कोणी नाही हो. मी इथून हललेसुद्धा नाही."

"खरं सांगा."

"तुमच्याशी खोटं बोलून मला काय मिळणार?"

ही पुन्हा वेल्डरकडे. "कशा होत्या त्या बाई?"

"म्हाताऱ्या. दोन्ही पायांना पट्ट्या... पण चालताना आवाज नाही..."

"आणखी काय म्हणाल्या?"

"डावा पाय बघायला सांग म्हणाल्या... मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

हिने चादर सारली. पोटरीला मापाची टेप लावली. संध्याकाळपेक्षा तीन सेंटीमीटर जास्त.

पुन्हा मोजली.

तेवढीच...

डॉक्टर धावत आले. गुठळीच होती. वेळेवर सापडली म्हणून वेल्डर वाचला.

पहाटे सहाला बहीण मेट्रनपुढे उभी राहिली आणि तिने म्हातारीचं सगळं सांगून टाकलं. नोकरी जाते तर जाऊ दे म्हणाली. मेट्रनने चष्मा लावला. मग म्हणाल्या, "कालचा तक्ता आणा."

तक्ता उघडला. चार नंबर, दहाचा रकाना. सही होती. आणि सहीवर... अंगठा. भाजल्यावर लावायच्या पांढऱ्या मलमाचा.

ते मलम संपून महिना झाला होता. शेवटचा डबा त्या म्हातारीलाच लागला होता.

मेट्रनने अंगठ्यावर बोट टेकवलं. अजून ओला होता.