मळवलीचं मेलेलं तळं

मळवलीच्या वाडीतला कोंडू लोणावळ्यात खांबेट्यांच्या दारी आला तो धापा टाकतच. खासगी गुप्तहेर खांबेटे दाढी करत होते, आणि त्यांचे मित्र, फोटोग्राफर बजरंग, फुकटचा चहा पीत होते.

"सायेब, मळवलीच्या तळ्यातला समदा मासा मेला. काठावर मासं गुंगवायचं गेळफळ ठेचलेलं घावलं. लोकं म्हनत्यात, आमच्या वाडीनंच घातलं."

त्याच दुपारी तळ्यावर सरकारी साहेब येणार होते. चौमासात मासेमारी बंद ठेवावी असा नवा नियम घाटत होता, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला. चौमासात वाडीची चूल मासळीवरच पेटायची. ठपका बसल्यावर वाडीचं ऐकणार कोण?

"गेळ तुम्ही वापरता ना?" खांबेट्यांनी विचारलं.

"व्हय, वढ्याच्या डोहात. मासा गुंगतो, मंग आमीच खातो. पोरंबी खात्यात."

चोर असंच बोलणार, असं बजरंगांना वाटलं.

तळ्यावर पांढऱ्या पोटांचे मासे तरंगत होते. काठाला अर्धवट टोचलेला एक मासा आणि त्याच्याशेजारी मेलेला कावळा. तळ्याचा ठेकेदार अंबाजी ओल्या म्हशींना शिव्या देत पाण्याबाहेर काढत होता.

"वाडीची जाळी बंद व्हावीत, हे तुमचंच म्हणणं ना?" खांबेटे म्हणाले.

"व्हय, माजंच! आन् आता म्हशीबी जात्यात का काय!"

हाच तो, बजरंगांनी मनाशी ठरवून टाकलं.

तळ्याला लागून धोंडाबाईंची भातखाचरं. सुनावणीत वाडीच्या बाजूनं बोलायचा शब्द त्यांनी कोंडूला दिला होता. गोठ्यापासून पाण्यापर्यंत म्हशींची रुळलेली वाट होती. म्हशी मात्र दावणीला, आणि धोंडाबाई घामाघूम होऊन त्यांच्यासाठी अंगणातल्या विहिरीचं पाणी शेंदत होत्या.

"मावशी, तळ्यातले मासे मेलेत."

"अगं बया! मला तर तुमच्याकडनंच कळतंय. सकाळपास्नं घराभाईर न्हाई पडले."

त्यांनी ताक दिलं. बाई देवमाणूस आहे, बजरंगांनी निकाल दिला.

सुनावणीला सगळा गाव जमला. साहेब काही विचारणार तोच खांबेटे उठले.

"गेळानं गुंगलेला मासा वाडीतली पोरं खातात. इथं एक मासा खाऊन कावळा मेला. म्हणजे पाण्यात पडलंय ते भातावर मारायचं औषध. गेळ फक्त दाखवायला ठेवलं. अंबाजीला माहीत असतं तर त्यानं म्हशी पाण्यात सोडल्या नसत्या. धोंडाबाई, तुम्हाला मासे मेल्याचं आमच्याकडून कळलं. मग त्याआधीच तळ्याची वाट सोडून म्हशींना विहिरीचं पाणी का पाजत होतात?"

बजरंगांनी आपला निकाल गुपचूप मागं घेतला.

धोंडाबाईंनी पदर सावरला. "भाताच्या लावणीला मानूस मिळत न्हाई! चौमासात समदी वाडी तळ्यावर. बोलावलं तरी कुनी येत न्हाई. बंदी झाली असती तर आली असती. आन् माज्या तोंडानं बंदी मागितली असती, तर रागानं कुनी आलं असतं का?"

साहेब कोंडूकडे वळले. "तुमच्यावरचा आळ गेला. आता बोला, बंदी हवी की नको?"

कोंडूनं पाण्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांकडे बोट दाखवलं. बजरंगांना त्याच्याकडे बघवेना.

"आता कशाची बंदी, सायेब?" तो म्हणाला. मग धोंडाबाईंकडे वळून त्यानं मान खाली घातली. "मावशी, लावणीला कवा येऊ?"