डावीकडून झिजलेली निब

मी एकतीस वर्षं केप कोस्टच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. परीक्षानळीत जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मुलींच्या डोक्यात भरवताना मी त्यांना पुरतं छळलं असणार. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं.

फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याला, एबोला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समज शाबूत होती आणि डावा हात ठणठणीत होता. पण तो हात तो मांडीखालून बाहेरच काढेना. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत, मग त्याने जेवणं तर लांबच राहिलं. एबो जन्माने डावखुरा. त्याला वाढवलं त्याच्या मामांनी, वोफा अन्सांनी; मामाला आम्ही वोफा म्हणतो. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी त्या हाताला वाटलेली मिरची चोळली, तो बाकाला बांधला आणि वर्षभरात पोराला उजव्या हातावर आणलं. आता एबो सत्तरीला टेकला, तरी ती मिरची उतरली नव्हती. दुसऱ्याने भरवलेलं त्याला अपमानाचं वाटे, दोन घासांत तोंड फिरवी. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हा माणूस पावसाळा बघणार नाही. मला डॉक्टरांचा राग आला आणि त्याहून जास्त एबोचा आला.

आमच्यात मामाची वस्तू भाच्याकडे येते. वोफा वारल्यावर त्यांचं हिरवं शाईपेन असंच आमच्या खणात येऊन पडलं होतं, चाळीस वर्षं बंद. ते दुरुस्त करायचं मी ठरवलं. निदान लिहून तरी बोलेल. वोफांच्याच पेनाने लिहायला कसली आलीय लाज, असा माझा हिशेब होता.

ओट्यावर एबोच्या खुर्चीशेजारी मी टेबल मांडलं. पेनाची मान गरम पाण्यात धरून सैल केली. आतली रबरी पिशवी कडक होऊन तिचा चुरा झाला होता, तो सुईने खरवडून काढला. शाळेतल्या ड्रॉपरचं रबर मापाने कापलं, लाखेने चिकटवलं, वर पावडर लावली. शाई भरण्याआधी पेन नुसत्या पाण्यावर चालवून बघायचं असतं, जुनी शाई निघून पाणी नितळ येईपर्यंत. त्याला तीन दिवस लागले. रात्री मी पेन टेबलावरच, पाण्याच्या ताटलीच्या उजवीकडे, ठेवून झोपायची.

"मॅडम, नवऱ्याला सोडून पेनाला अंघोळ घालताय होय," अरबा म्हणाली. ही एबोची थोरली बहीण. रोज दुपारी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला उंडा, आणि तळलेले मासे घेऊन येते, आणि बोलणीही.

"तुमच्या भावाने अंघोळीला नकार दिलाय. पेन तरी ऐकतंय," मी म्हणाले. "आणि आक्का, ते उचलून ताटलीच्या डावीकडे ठेवू नका. मी उजवीकडे ठेवते."

"मी कशाला शिवू? वोफांच्या वस्तूला मी आजवर बोट लावलं नाही. त्यांची छडी माझ्या लक्षात आहे अजून."

तिन्ही दिवस सकाळी पेन डावीकडेच सापडलं होतं. टेबलाला उतार असेल म्हणून मी त्यावर पाणसळ लावून पाहिली. उतार नव्हता.

चौथ्या दिवशी निब कागदाला टेकवली तर ती खरखरली. उलटसुलट करून पाहिलं, तेच. मग शाळेचं भिंग काढलं. निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते. ही चुकीच्या अंगाने झिजली होती, आणि झीज वर्षानुवर्षांची होती. मी पेन डाव्या हातात धरलं, तेव्हा ते लोण्यावरून सरकावं तसं सरकलं.

वोफांना फळ्यावर उजव्या हाताने लिहिताना सगळ्या गावाने पाहिलं होतं. डावा हात कायम कोटाच्या खिशात असायचा. घरी लिहायला बसले की दाराला कडी लावत.

"एबो," मी म्हणाले, "ते स्वतः डावखुरे होते. जन्मभर दार लावून लिहिलं त्यांनी."

एबोने माझ्याकडे पाहिलं. मग तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला रडताना पाहत होते, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी आमच्याकडे कुणी मासेमारीला जात नाही, त्या दिवशी समुद्राला विसावा द्यायचा असतो. होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या, किनारा अगदी गप्प होता. मी पेनात पाणी भरलं आणि वही एबोच्या मांडीवर ठेवली. शाईची नवी बाटली फळीवर होती, तिचं सील मी अजून फोडलं नव्हतं. निब कशी सरकते एवढंच त्याला कळावं, असं मनात होतं.

खूप वेळ काही झालं नाही.

मग मांडीखालून डावा हात बाहेर आला.

त्याने पेन धरलं. हात थरथरत होता, आणि एकाएकी थरथर थांबली.

निब सावकाश चालू लागली. कागदावर पाणी उमटायला हवं होतं. उमटली ती काळीनिळी अक्षरं, मागे कललेली. एबोचं अक्षर असं नाही.

जेवण घेऊन आलेली अरबा माझ्या खांद्यावरून वाकली आणि तिने वाचलं.

"एबो, हा हात चांगला आहे. मी चुकलो. जेव."

तिने केंके आणि मासे एबोच्या डाव्या हाताशी सरकवले.

एबोने पेन ताटलीशेजारी ठेवलं, डावीकडे. मग त्याच हाताने केंके मोडला, मिरचीत बुडवला आणि खाल्ला. सगळं गाव बघत असतं तरी त्याने खाल्लं असतं. मी रडत होते, आणि मासा अजून काढू का म्हणून विचारत होते.

मी फळीवरची बाटली पाहून आले. सील तसंच होतं.

जेवण झाल्यावर हात पुसायला मी त्याची बाही वर सारली. मनगटाच्या वरच्या अंगाला शाईची पाच बोटं उमटली होती, लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात तशी. मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. माझी आखूड पडली. एबोने हात हळूच सोडवून घेतला आणि बाही खाली ओढली, कुणाचं तरी पांघरूण सारखं करावं तशी.

माझ्या बोटांना शाई लागली होती. ती अजून ओली होती.