टेपला आलेला जबाब

ही गोष्ट रचलेली नाही. नूरुद्दीनला मी चांगला ओळखतो, त्याला साधी थापही धड मारता येत नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. शारजात, रोल्ला भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमधल्या त्याच्या घरात, गेल्या हिवाळ्यात, शुक्रवारी भर दुपारी हे घडलं.

जुम्म्याची नमाज पढून येताना त्याने डिजिटल रेडिओ आणला. त्याची आई मैमुनाबी नुकतीच दापोलीकडून इथे राहायला आली होती आणि दिवसभर घरात कंटाळायची.

जेवणं झाल्यावर त्याने पिन सॉकेटमध्ये घातली. स्कॅनचं बटण दाबलं. स्क्रीनवर स्टेशनांची नावं येऊ लागली. त्याची मुलगी यम्ना ती मोठ्याने वाचत होती.

"अब्बा, द लास्ट वन हॅज नो नेम."

खरंच. शेवटची ओळ रिकामी होती. नूरुद्दीनने तीच निवडली.

काहीच नाही.

डिजिटल रेडिओचं असंच असतं. आवाज आला तर स्वच्छ येतो, नाहीतर गप्प. जुन्या रेडिओसारखी खरखर त्यात नसतेच.

आणि तरीही... खरखर सुरू झाली.

मग... कुणीतरी घसा साफ केला.

"अस्सलाम अलैकुम, मैमुना. मी खैरियतीत आहे. तुझी टेप पोचली."

मैमुनाबी बडीशेप चघळायची थांबली.

"नूर... हे तुझे अब्बा."

नूरुद्दीनने अब्बांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो गावी जन्मला तेव्हा त्याचे अब्बा, गनी, इथेच शारजात कामाला होते. गावात फोन नव्हता. पत्र लिहायला आणि वाचायला तिसरा माणूस लागायचा, म्हणून नवरा-बायको कॅसेटवर बोलायचे. सुट्टीवर येणारं-जाणारं कुणीतरी ती पोचवायचं. टेप एकच. गनीने भरून पाठवायची, मैमुनाबीने ऐकून तिच्यावरच आपलं बोलणं भरायचं. त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच उरला नाही.

तिची शेवटची टेप इथे पोचायच्या आधीच साइटवरच्या अपघातात गनी गेले. त्यांना इथेच दफन केलं.

आणि आता रेडिओ म्हणत होता, टेप पोचली.

"पोराचं नाव नूरुद्दीन ठेव. चांगलं आहे."

खरखर.

"तुझ्या सासऱ्यांचा चष्मा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो."

मैमुनाबी मान हलवत होती. "हेच विचारलं होतं रे मी," ती पुटपुटली. "सगळं ह्याच क्रमाने विचारलं होतं."

"अम्मी, मी बंद करतो."

"हात लावू नकोस!" तिने त्याचं मनगट धरलं. "आता एकच राहिलंय. आम्हाला तिकडे कधी बोलावणार, असं विचारलं होतं. सगळी उमर गेली माझी ह्या एका जबाबासाठी."

मेलेल्या माणसाचं बोलावणं म्हणजे काय, हे नूरुद्दीनला कळत होतं. अम्मीलाही कळत होतं. तरी ती हसत होती. तिला जायचं होतं. ते बघून त्याला रडूच आलं.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं... खालचा बाजार ऐकू येत नव्हता.

शुक्रवारची रोल्लाची गर्दी, हॉर्न, दुकानदारांच्या हाका, सगळं बंद.

"आता तुझं शेवटचं," आवाज म्हणाला.

"बोला," मैमुनाबी म्हणाली.

बराच वेळ नुसती खरखर. मग...

"तू घाई करू नकोस. आधी पोराला पाठव."

मैमुनाबीचं हसू मावळलं. पुढच्या क्षणी तिने पिन सॉकेटमधून उपटून काढली.

"खलास! माझ्या पोराचं नाव घ्यायचं नाही!"

रेडिओ गप्प झाला. खालून हॉर्न ऐकू आला. ती लेकाला जवळ घ्यायला वळली.

नूरुद्दीन तिथे नव्हता.

तो दारापाशी उभा होता. पायात चपला. कडी काढलेली. यम्ना दोन्ही हातांनी त्याचा शर्ट ओढत होती.

"अब्बा, व्हेअर आर यू गोइंग? अब्बा!"

आईच्या हातातून मनगट कधी सोडवलं, चपला कधी घातल्या, त्याला काही आठवत नाही.

संध्याकाळी त्याने पुन्हा स्कॅन करून पाहिलं. रिकामी ओळ नव्हती. रेडिओ त्याने टाकून दिला. मैमुनाबी मात्र अजून शुक्रवारी, तो नमाजहून परतला की दाराला आतून कुलूप लावते आणि तिथेच चटई टाकून बसते.

मी त्याला विचारलं, "भीती वाटते का रे?"



"दाराकडे जाताना वाटली नाही," तो म्हणाला. "खूप बरं वाटत होतं. अब्बा पहिल्यांदाच बोलावत होते ना."

हल्ली शुक्रवारी दुपारी मी त्याला उगाच फोन करतो. तो उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.