पाळण्यावरचा राजा

“पाळण्यावर त्याला टांगू नगा, बाईसाब. मान जायची हाय त्याची, अन् बघतंय लेकराकडं!” बाळाला न्हाऊ घालणाऱ्या रंगुबाईंनी बजावलं, तेव्हा श्रद्धा हसली होती. सासरचं जुनं छापील चित्र ते. शिरच्छेदाची वाट पाहणारा इंग्लंडचा राजा चार्ल्स.

रविवारी बाळाला ताप चढला. सोमवारी चित्र चौकटीसकट गायब! श्रद्धाने सरळ रंगुबाईंवर आळ घेतला.  म्हातारीने तेलाची वाटी खाली ठेवली आणि सांगली सोडून लेकीकडे रहिमतपूरला निघून गेली.

ताप उतरला, पण श्रद्धाचा जीव थाऱ्यावर येईना. आळ खोटा असला तर? तिने साताऱ्याहून गुप्तहेर विनोदिनीताईंना बोलावलं. बुधवारी त्या थोरले बंधू गंगाधरपंतांसह आल्या.

“रंगुबाई खोलीत एकट्या कधी होत्या?”

“सोमवारी, तापातल्या बाळाच्या तळपायांना तेल चोळत होत्या तेव्हा. मी पाणी काढून परतले, तेव्हा कुठं वर लक्ष गेलं, तर खिळा रिकामा.”

ताईंनी चुन्याची भिंत न्याहाळली. पांढरी स्वच्छ.

मिरजेचे फ्रेमवाले नानासो यांनाही ताईंनी बोलावून घेतलं होतं. “दोनदा इकत मागितलं मी ते चित्र, व्हय. पर चौकट वाळवीनं खाल्लेली. मला कागद पायजे, लाकूड न्हाई.”

श्रद्धाचा नवरा राजस बाळाला मांडीवर घेऊन हसला. “नजरबिजर थोतांड! मी विज्ञान शिकवतो, ताई.”

ताईंनी बाळाचा गालगुच्चा घेतला. बोट काळं झालं. “तीट तू लावलीस?” त्यांनी श्रद्धाला विचारलं.

“छे! डॉक्टरांनी काजळ बंद केलंय. रंगुबाईसुद्धा लावायच्या ते तळपायाला.”

“नानासोच!” गंगाधरपंत पुटपुटले.

“दादा, नानासोंनी चौकट इथंच टाकली असती. रंगुबाईंच्या तेलकट हातांचे डाग चुन्यावर उमटले असते. त्या जाऊन दोन दिवस झाले, आणि गालावरची तीट अजून ओली आहे. घरात आणखी कुणीतरी नजरेला भितं. राजसराव, रुमाल दाखवा.”

रुमालावर काजळ! राजस लाल झाला. “एकशेतीन ताप होता हो! सोमवारी पहाटेच नेलं. शाळेच्या प्रयोगशाळेत, सांगाड्यामागं ठेवलंय.”

“राजाला सोबत झाली!” गंगाधरपंत म्हणाले. हसली नाही ती एकटी श्रद्धा. “मी रंगुबाईंना बोलत होते, तेव्हा तुम्ही दारातच होतात,” ती म्हणाली. राजसची मान खाली गेली.

शनिवारी दोघं रहिमतपूरला गेली. दार उघडलं नाही. आत बांगड्या मात्र वाजल्या. माफीसाठी नेलेलं लुगडं उंबऱ्यावर ठेवून दोघं परतली.

हे वाचणाऱ्या तुमच्याकडे श्रद्धाचं एकच मागणं आहे. रहिमतपूरला गेलात, तर रंगुबाईंचं दार वाजवा. त्यांचा गुडघा दुखायचा राहिला का, विचारा. आणि सांगा, पाळण्यावरचा खिळासुद्धा उपटलाय.