पिस्टनवरच्या चंद्रकोरी

“उस्तादानं माझ्या नवऱ्याचा जीव घेतला. तेवढं लेखी द्या,” समोर बसलेली तरुण विधवा म्हणाली. “तुमच्या सहीला वजन आहे.”

सर्व्हेअरबाईंनी तीस वर्षं अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. आता त्या खासगी चौकशा करत. त्यांचे थोरले भाऊ, निवृत्त मास्तर, वही उघडून शेजारी बसले होते.

“आधी काय झालं ते सांगा, ताई.”

घाटातल्या शर्यतीसाठी तिच्या नवऱ्यानं, म्हणजे घरातल्या धाकट्यानं, गॅरेजवाल्या उस्तादाकडून इंजिनात नवे पिस्टन बसवून घेतले होते. सोमवारी गाडी घरी आली. तो परगावी होता, बुधवारी संध्याकाळी परतला. गुरुवारी सकाळी घाटात चाचणी. तिसऱ्या वळणावर इंजिन फुटलं, तेल चाकांखाली आलं आणि गाडी कठडा तोडून खाली गेली.

“निघताना इंजिन टकटक करत होतं. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले, असले पिस्टन थंड असताना वाजतातच.”

“ते खरं आहे. गरम झाल्यावर थांबलं?”

“नाही. पंधरा मिनिटं इंजिन चालू होतं. टकटकही.”

उस्तादाच्या गॅरेजच्या शटरवर कुणीतरी काळं तेल फेकलं होतं. म्हातारा आत अंधारात बसला होता.

“पहिलं इंजिन हवा-पेट्रोल नऊपट दाबायचं. मी अकरापट केलं. त्यापुढे जायला मी नाही म्हटलं,” तो म्हणाला. “पिस्टनवर मऊ माती ठेवली, वर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं झाकण, बसवलं, हातानं इंजिन फिरवलं. मग उघडून दबलेली माती कापली, तिची जाडी मोजली. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये दोन मिलिमीटर जागा होती. ही बघा माती.”

“आणि शेवटी?”

“हेडचे बोल्ट आवळले. प्रत्येकावर पिवळी रेघ ओढली, बोल्टवरून थेट हेडवर.” त्यानं मान खाली घातली. “तरी चुकलो असेन, बाई. वय झालं.”

मोडलेली गाडी पोलिसांच्या आवारात होती. फुटलेल्या पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे ठसे होते. व्हॉल्व्ह तिथं आपटले होते. बाईंनी बोल्ट पाहिले. बोल्टवरची रेघ एकीकडे, हेडवरची दुसरीकडे. मग त्यांनी हेडची जाडी मोजली आणि उस्तादाच्या नोंदीशी ताडून पाहिली. दीड मिलिमीटर कमी.

“धाकट्यानंच हेड उघडलं असणार,” मास्तर म्हणाले. “जिंकायची घाई!”

“कधी, दादा?”

मास्तरांनी वही चाळली. “खरंच की. बुधवारी संध्याकाळी तर तो परतला. एका रात्रीत कुठलं!”

धाकट्याचा थोरला भाऊ घरी अंगणात भेटला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

“मी टायरपुरता. इंजिनाला हात लावत नाही. उस्तादाला अक्कल नको? साडेबारापट दाबल्यावर इंजिन टिकतंय होय!”

दुसऱ्या दिवशी उस्तादासह सगळे त्याच घरात जमले. आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळून होती, म्हणून सगळे हळू बोलत होते.

“उस्तादानं अकरापट केलं,” बाई म्हणाल्या. “घरच्यांनाही तेवढंच माहीत. पण पिवळ्या रेघा तुटल्यात. म्हणजे गाडी घरी आल्यावर कुणीतरी हेड उघडलं, दीड मिलिमीटर तासून आणलं आणि परत बसवलं. दोनातून दीड गेलं. उरलेल्या अर्ध्यात वेगात पळणारं इंजिन कसं भागवणार? पिस्टन व्हॉल्व्हला धडकला. टकटक होती ती त्याची.”

“पण कुणी?” मास्तरांनी विचारलं.

“धाकटा परगावी होता. गाडी दोन दिवस या अंगणात होती. आणि तासलेल्या हेडचं गणित काल मांडलं, दादा. उत्तर साडेबारा आलं. तो आकडा मला कळायच्या आधी एकाच माणसाच्या तोंडी होता.”

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं.

“तो दरवर्षी दुसरा यायचा,” तो पुटपुटला. “म्हटलं, यंदा पहिला येईल. त्याला नंतर सांगणार होतो.”

“टकटक ऐकली तेव्हा?”

“शंका आली.”

“मग थांबवलं का नाही?” त्याची भावजय ओरडली.

“थांबवलं असतं, तर काय केलं ते सांगावं लागलं असतं.”

उस्ताद भिंतीला धरून उठला. “मला विचारायचंस रे,” तो म्हणाला. “नुसतं विचारायचंस.”

धाकट्याच्या बायकोला उस्तादाकडे बघवेना. शटरवर तेल फेकलं तेव्हा ती तिथं उभी होती.

“आईला सांगू नका,” थोरला हात जोडून म्हणाला. “पोलिसांकडे मी आत्ता जातो. पण आईला नको.”

“मी नाहीच सांगणार,” ती म्हणाली. “तुम्ही सांगायचं, भाऊजी. आधी तिथं, मग पोलिसांकडे.”

थोरला आईच्या खोलीत गेला.

“आलास?” आतून थकलेला आवाज आला. “जेवलास का रे? तू एकच उरलास, अशी हेळसांड करू नकोस.”

मग दार लोटलं गेलं.