टप्प्याचं वळण

खोटंच सांगायचं असतं तर मी अमावस्येची रात्र सांगितली असती. पांढरी साडी, उलटे पाय, कुत्र्याचं रडणं. तुम्ही लोक वाचता ते सगळं.

त्यातलं यात काही नाही.

हे सुरू झालं एका पहाटे. आणि जे खरं वाईट घडलं ते भर सकाळी, बँड वाजत असताना, दीडदोनशे माणसांसमोर. त्यातली बरीचशी आता मेली. मी आहे. म्हणून लिहिते आहे.

१९७९ सालचा जानेवारी. महाडहून पोलादपूरला जाणारा रस्ता. सावित्रीच्या काठाने तो जातो आणि आमचं गाव मध्येच लागतं. तेव्हा रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना झाडं होती. पहाटे नदीवरचं धुकं वर चढायचं आणि समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. तो गारवा, ते धुकं आठवलं की अजून जीव हळवा होतो.

माणसं आठवली की होत नाही.

माझे थोरले दीर मोरू. मुंबईला गिरणीत होते, त्याच्या दोन वर्षं आधी परत आले आणि येताना धावायचं वेड घेऊन आले. आमच्याकडे माणूस दोनच कारणांनी धावायचा. एसटी सुटली तर, नाहीतर बैल सुटला तर. हे उगाच धावायचे. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज खडू फासायचा. गळ्यात शिट्टी. ती स्वतःच स्वतःसाठी वाजवायची आणि निघायचं. सकाळी दोन कच्ची अंडी सगळ्यांच्या देखत गिळायची. घरातल्या पोरांच्या चहात मात्र दूध नसे.

"स्टॅमिना पायजे ना, स्टॅमिना!" असं म्हणत मांडीवर थाप मारायची.

माझी सासू येसूबाई एकदा मला हळूच म्हणाली, "धावू दे गो त्याला. घरात बसला तर बोलंल."

त्या वर्षी तालुक्यातल्या मंडळांनी प्रजासत्ताक दिनाची शर्यत ठेवली. महाड ते पोलादपूर, चौघांचा एक संघ. पहिल्याने ठरलेल्या जागेपर्यंत धावायचं आणि हातातली दांडी दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला. चौथा पोलादपूरच्या बाजारात फीत तोडणार. आमच्या संघात चौथे कोण, हे विचारायलाच नको. फोटो चौथ्याचा निघतो.

तिसरा होता माझा धाकटा भाऊ, गणू.

माझं माहेर शेजारच्याच वाडीत. गणूचा डावा पाय लहानपणी मोडून जुळलेला. चालताना कळायचं नाही, धावताना मात्र तो पाय किंचित घासायचा. धप्... सर्र. धप्... सर्र. तरी आमच्या खोऱ्यात त्याच्यासारखा कोणी धावत नव्हता. त्याच्याकडे ना बूट ना शिट्टी. बक्षिसाचं त्याला काही नव्हतं. धावताना बरं वाटतं, एवढंच म्हणायचा.

तिसऱ्याने चौथ्याला दांडी द्यायची जागा मंडळाने ठरवली... टप्प्याचं वळण.

इथे थोडं थांबून सांगायला हवं.

इंग्रजांच्या काळी टपाल माणसं धावत न्यायची. पाठीवर थैली, हातात घुंगरांची काठी. एकाने त्या वळणापर्यंत आणायची, दुसऱ्याने तिथून पुढे घाटाकडे न्यायची. म्हणून तो टप्पा. थैली आणि काठी जमिनीला टेकवायची नाही. हातातून हातात.

एका पावसाळ्यात धावणारा वळणावर आला आणि पुढचा माणूस जागेवर नव्हताच. काठी कुणाला द्यायची? तो तसाच पुढे धावत गेला.

पोचला मात्र कुठेच नाही.

तेव्हापासून आमच्याकडे रीत आहे. त्या वळणावरून जाताना हात मागे ठेवायचे नाहीत. बायका हात पदरात घेतात, पुरुष छातीशी बांधतात. मी नवी नवरी होते तेव्हा सासूने घरची देवळी दाखवायच्या आधी मला हे सांगितलं होतं.

मंडळाला ती जागा का आवडली? आंब्याची सावली आहे आणि टेबल मांडायला सपाट जमीन आहे, म्हणून!

येसूबाईने मोरूभावजींना अडवलं. "रे, तिथं हात मागं करू नये."

"आई, ही शर्यत हाय. घेणाऱ्यानं मागं बघायचं नसतं, फक्त हात मागं करायचा. मागं बघितलं की टायमिंग जातं. मुंबईत समदे असंच करतात."

मुंबईत समदे करतात. विषय संपला.

शर्यतीच्या साताठ दिवस आधीची पहाट. भावजी वळणावर जाऊन उभे राहिले. गणू महाडच्या बाजूने धावत येणार आणि त्यांना दांडी देणार, असा सराव ठरलेला. धुकं इतकं दाट होतं की आंब्याचं खोडसुद्धा दिसत नव्हतं.

मागून पावलं आली.

धप्. धप्. धप्.

आणि त्यासोबत... छन्. छन्.

भावजींना वाटलं, गणूने मस्करी म्हणून दांडीला घुंगरं बांधली. त्यांनी मागे पाहिलं नाही. हात मागे केला.

तळहातावर काठी टेकली. गार. ओली. नदीतून आत्ताच काढल्यासारखी.

त्यांनी मूठ आवळली आणि धावत सुटले. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं, मागे कुणी थांबल्याचा आवाज नाही. धापा नाहीत. खोकला नाही.

ते थांबले. हाताकडे पाहिलं.

हातात काहीच नव्हतं.

पण मूठ उघडेना.

घरी आले ते माझ्यावरच ओरडत. "तुझ्या भावाला सांग, असली मस्करी मला चालत नाय!"

मी फक्त चुलीकडे बोट दाखवलं.

गणू तिथे बसून चहा पीत होता. रात्री त्याची म्हैस व्यायली होती. 'आज यायला जमणार नाय' हे सांगायला तो आला होता आणि केव्हाचा बसला होता.

"काय झालं, भावजी?" त्याने विचारलं. "हाताला लागलं काय?"

भावजी मग वळून पडवीत गेले.

त्या दिवसापासून उजवी मूठ मिटलेलीच. तेल लावलं, शेकली, मी आणि सासूने मिळून एकेक बोट ओढून पाहिलं. आत काहीतरी धरलेलं असावं तशी ती बोटं वाकलेली होती. भावजी डाव्या हाताने जेवायला लागले. बाहेर सांगितलं, मुरगळला आहे.

झोपेत त्यांचे पाय हलायचे. अंथरुणावर पडल्या पडल्या धावायचे. टाचा जमिनीवर घासायच्या.

आणि घर शांत झालं की... छन्.

फार हळू. भिंतीपलीकडून यावं तसं.

शेवटी सासूने सोनबांना बोलावलं. सोनबा म्हातारे होते. त्या वळणावर ज्याने हजर राहायचं होतं आणि जो राहिला नाही, तो त्यांचा आजा. भावजींनी त्या पहाटेचं सगळं त्यांना सांगितलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा सोनबांनी भावजींची मूठ हातात धरली होती.

"घेतलीस तू," सोनबा म्हणाले.

"काय घेतली? हातात काय हाय तरी का?"

"नाय दिसत. पण घेतलीस. त्या दिवशी तू थांबलास म्हणून वाचलास. आता परत धावलास तर थांबता येणार नाय तुला. पाय पुढंच नेतील."

भावजी पुढे सरकले. "मग... उपाय?"

"घरात बस. धावू नको. मूठ मिटलेली राहील जन्मभर, पण जिता राहशील."

"आणि दुसरा उपाय?"

सोनबांनी त्यांची मूठ सोडून दिली.

"टपाल खाली ठेवत नायत," ते म्हणाले. "पुढच्याच्या हातात देतात. तो हात मागं करील तेव्हा. पण असं कुणी करतं का रे? माणूस हाय तो."

भावजींनी चहा संपवला. डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत ते म्हणाले, "शेवटचा मान गणूला द्या. मी तिसरा धावतो. पोरगा चांगला हाय, फीत त्यानंच तोडावी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठं मन, म्हणाले.

गणू मला सांगायला धावत आला. "आक्का, भावजींनी मला शेवटचा दिला! मी उगाच त्यांना वाईट समजत होतो गो."

त्याचा आनंद बघून मलाही भरून आलं. सोनबांचं बोलणं मी ऐकलं होतं. पण माणूस इतका खाली जाऊ शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बत्तीस वर्षांची होते. तोवर फार माणसं पाहिली नव्हती.

सव्वीस जानेवारी. लख्ख ऊन. वळणावर पताका, टेबल, टेबलामागे गांधी टोप्या घातलेले पाहुणे. कुठल्या तरी शाळेचा बँड एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत होता. आम्ही बायका आंब्याखाली, हात पदरात घेऊन.

गणू रस्त्यावर उभा. अनवाणी. तोंड पोलादपूरकडे. मला बघून हसला.

महाडच्या बाजूने भावजी दिसले. सगळ्यांच्या पुढे होते. त्यांना असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाय त्यांचे नव्हतेच जणू. चेहरा पांढरा, तोंड उघडं, डोळे गणूच्या पाठीवर.

दांडी त्यांच्या डाव्या हातात होती.

उजवी मूठ मिटलेली.

गणूने शिकवल्याप्रमाणे मागे पाहिलं नाही. हात मागे केला.

तेव्हा मला कळलं.

"गणू!" मी ओरडले. बँड वाजत होता.

भावजींनी दांडी आधी दिली नाही. आधी उजवी मूठ पुढे केली. गणूच्या तळहातावर टेकवली.

आणि ती उघडली.

मग डाव्या हाताने वर दांडी ठेवली. सगळं एका क्षणात. बघणाऱ्यांना वाटलं, देताना जरा गोंधळ झाला.

मला मात्र बँडच्या वरून ऐकू आलं.

छन्...

गणू गेला. वळणाआड जाताना मी त्याची पावलं ऐकत होते. धप्... सर्र. धप्... सर्र.

पुढचं मी पाहिलं नाही. आमचे हे पोलादपूरच्या बाजारात उभे होते, त्यांनी सांगितलं. गणू पहिला आला. बराच पुढे होता. छातीने फीत तोडली. लोक हार घेऊन पुढे झाले.

तो थांबला नाही.

हार हातातच राहिले. फितीपलीकडे लाकडी दांडी रस्त्यावर पडली, घरंगळत गेली. आणि गणूची मूठ तशीच मिटलेली होती. स्टँडवरून, दुकानांसमोरून, तो कशेडी घाटाच्या दिशेने गेला. लोक आधी हसले. मग हाका मारल्या. मग कुणीतरी जीप काढली.

पहिल्या चढावर तो जीपवाल्यांना दिसला. पुढच्या वळणावर दिसला नाही.

दरीत उतरून शोधलं. पोलीस आले. पावसाळ्यापर्यंत शोधलं. चिंधीसुद्धा मिळाली नाही.

त्या दुपारी मी घरी आले तेव्हा मोरूभावजी जेवत होते.

उजव्या हाताने. बोटं चाटत.

माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोराला फिनिशिंग जमलं नाय बघ."

त्यानंतर मी त्यांना कधी वाढलं नाही. त्याच घरात राहून त्यांचं ताट कधी उचललं नाही. त्यांना फरक पडला नाही. पुढे पंचायतीत निवडून आले. क्रीडादिनाला पोरांना 'खिलाडूवृत्ती' सांगत फिरले. त्या शर्यतीचा पितळी पेला त्यांच्या कपाटात अजून आहे, गणूचं नाव खोडून नाही, पण भिंतीकडे वळवून.

गणू गेल्यावर दोन वर्षांनी, माघातल्या एका पहाटे, मी माहेरून एकटी परत येत होते. आई गेली होती, तिचा दहावा करून. धुकं होतं. टप्प्याच्या वळणावर आले आणि मागून ऐकू आलं...

छन्... छन्...

धप्... सर्र. धप्... सर्र.

तो पाय मी ओळखला नसता तर कुणी ओळखला असता?

मी मागे पाहिलं नाही. थांबले. पदरातला उजवा हात काढला आणि मागे केला.

खरंच केला. माझं आता काय राहिलं होतं? घरात मोरूभावजींसारखा माणूस, आणि मूलबाळ नाही. म्हटलं, दे. माझ्याकडे दे, आणि घरी जा.

पावलं जवळ आली. हळू झाली. मानेवर त्याचा श्वास आला, गार.

बराच वेळ तो तसाच उभा होता.

मग अगदी कानाशी, दमलेला आवाज...

"हात पुढं घे गो, आक्का."

आणि पावलं बाजूने निघून गेली. धुक्यात काहीच दिसलं नाही. दवावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे घराच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही वेगळे राहायला लागलो. मागच्या वर्षी मोरूभावजी अंथरुणाला खिळले. नव्वदीला आले आहेत. सगळी म्हणाली, जाऊन ये, जुनं काय धरून बसायचं. मी गेले. खाटेशेजारी बसले आणि म्हटलं, "भावजी, मला एकदा गणू भेटला होता. त्या वळणावर."

त्यांनी 'कसा होता' असं विचारलं नाही. 'काही बोलला का' असं विचारलं नाही.

घाईघाईने दोन्ही हात गोधडीबाहेर काढले. छातीवर घट्ट बांधले. पाय मात्र गोधडीखाली हलायला लागले होते... टाचा गादीवर घासत होत्या.

"इकडं यायचं म्हणाला का?" त्यांनी विचारलं.

मी उठून आले. उत्तर दिलं नाही.

रोज निरोप येतो. म्हातारा झोपत नाही, हात सोडत नाही, तुम्हाला बोलावतो आहे, एकदा येऊन काय ते सांगून जा.

मी जात नाही.

आणि खरं सांगायचं तर, उत्तर मलाही माहीत नाही.