बोटं फसली तो बुधवार

सुझुएचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळ्या पडद्याआड होते आणि डोळे खिडकीबाहेरच्या पावसाकडे. दर बुधवारी त्या लाकडी पेटीत कापडाचे तीन तुकडे ठेवले जात. दोन पॉलिएस्टरचे, एक रेशमाचा. न बघता, नुसत्या बोटांनी रेशीम ओळखायचं, हे तिचं काम. पण त्या सकाळी तिच्या बोटांना भलतंच काहीतरी लागलं. तिने ते चिमटीत धरलं, चोळलं.

"हे सुती आहे. खूपदा धुतलेलं. कडेची शिवण उसवलीय... आणि आत—" ती थबकली. "अगं बाई, आत माणूस आहे!"

"आहे," पेटीपलीकडून आवाज आला. "माफ करा. तुकडे मांडत होतो. तुम्ही इतक्या लवकर सुरू कराल असं वाटलं नाही."

पेटीवरून एक चष्मा वर आला, मग कानापर्यंत लाल झालेला चेहरा. ओसाकाच्या मुख्य कचेरीतून नुकताच आलेला संशोधक, इसोबे.

"मग माझी बाही पास की नापास?"

"बाही पास. शिवण नापास. आणि इसोबेसान, आता हात काढून घेतलात तरी चालेल."

"कसा काढू?" तो म्हणाला. "धरलाय तुम्ही."

ही गोष्ट टोकियोच्या ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षीची. तेव्हा जपानच्या किनाऱ्यालगतच्या तांगो भागात गावागावांत घरटी माग होते, आणि दिवसभर असा खडखडाट चाले की तिथली माणसं देवळात गेली तरी ओरडूनच बोलत. सुझुएचे वडील तेत्सुजिरो त्यांच्या वडिलांच्या मागावर रेशमी क्रेप विणत. सुझुए पाळण्यात असल्यापासून त्या कापडाला हात लावत आली होती, म्हणून तर पॉलिएस्टर बनवणाऱ्या कंपनीने तिला बोलावून घेतलं. वडिलांनी जाऊ दिलं, पण कपाळाला आठी घालून.

"रॉकेलचं कापड ते," ते म्हणाले होते. "पगार घे. पण बोटांना खोटं बोलायला शिकवू नकोस. परत येऊन त्याच बोटांनी माझं रेशीम तपासायचंय तुला."

इसोबेचं काम एकच होतं. रेशमासारखं वाटेल असं पॉलिएस्टर काढायचं, स्वस्त किमोनोसाठी. वर्ष संपेपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर त्याची रवानगी दूरच्या कारखान्यात, टायरच्या पोटात घालायचा दोर बनवायला.

"दोरही पॉलिएस्टरचाच," तो हसून सांगे. "तिथे मऊपणा कोणी विचारत नाही. मालमोटारीचं ओझं पेललं की झालं."

"मग जा की. तिथे पास व्हाल."

"तिथे कोणी बाही धरत नाही हो."

एकदा त्याने तिला धागा जन्मताना दाखवला. वर वितळलेला, मधासारखा रस. खाली एक चकती, तिला केसाहून बारीक भोकं. आणि त्या भोकांतून शेकडो तंतू खाली येत होते, इतके तलम की धागा दिसतच नव्हता, नुसता उजेड हलत होता. सुझुए तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या घरी रेशीम किड्याच्या तोंडातून येई. ते तिला कधी नवल वाटलं नव्हतं. आज वाटलं. दोन्हींचं.

"जमिनीखालचं तेल हे?"

"कोट्यवधी वर्षांचं," तो हळूच म्हणाला. मशीन मोठ्याने चालू होतं, तरी तिला ऐकू आलं.

पण बुधवारी बोटं फसत नसत. "मधलं रेशीम. डावं जरा चिकट. उजवं... इसोबेसान, हे फार आज्ञाधारक आहे. दाबलं की दबतं, सोडलं की जागेवर. रेशीम थोडं हट्टी असतं."

"तुमच्यासारखं?"

"लिहून घ्या. हट्टी."

एका बुधवारी तिनेच पैज लावली. "ज्या दिवशी माझी बोटं फसतील, त्या दिवशी तुम्हाला आमच्या घरी जेवायला नेईन. बाबांसमोर बसवीन."

"हे बक्षीस की शिक्षा?"

"ते बाबा ठरवतील."

शरद सरला. तांगोचा तो चिकाटीचा पाऊस सुरू झाला. ऊन पडलंसं वाटतं, तोच पुन्हा झड. डिसेंबर लागला आणि ओसाकाहून पत्र आलं: पंधरा दिवस. त्या बुधवारी पेटीत हात घालताना सुझुएच्या मनात पहिल्यांदा पाप आलं. नुसतं म्हणायचं— ओळखू येत नाही. एवढंच. तो इथेच राहील. तिची बोटं रेशमावर येऊन थांबली, ओठ हलले... आणि तिला वडिलांचे शब्द आठवले.

"उजवं," ती म्हणाली. आवाज ओला झाला होता. "उजवं रेशीम आहे."

इसोबेने वहीत 'उजवं' असं लिहिलं. "धन्यवाद," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलला असतात ना, तर मी टायरच्या कारखान्यात जास्त दुःखी झालो असतो."

पुढच्या सोमवारी कचेरी सुटताना सुझुए छत्री विसरली होती. निदान ती तसं म्हणाली. इसोबेने नुकताच कापडाचा एक तुकडा उकळत्या कॉस्टिक सोड्यात सोडला होता. दहा मिनिटं, विणताना लावलेलं मेण-तेल निघण्यापुरतं. बसथांबा पाच मिनिटांवर. जाऊन येऊन दहा. तो छत्री घेऊन निघाला...

बुधवारी पेटीत तीन तुकडे होते. सुझुएने पहिला चाचपला. पॉलिएस्टर. दुसरा... तिचा हात थांबला. तिसऱ्यावर गेला. परत दुसऱ्यावर आला. तिने कापड मुठीत आवळलं, आणि आतून तो आवाज आला, ताज्या बर्फावर पाऊल पडल्यासारखा. कर्र... रेशमाचा आवाज. लहानपणी आईच्या किमोनोच्या बाहीत तोंड खुपसलं की यायचा, तो. मग तिने तिसरा आवळला. कर्र...

तिने दोन्ही तुकडे एकदमच आवळून पाहिले.

"सुझुएसान?"

"मला..." तिने डोळे मिटले. "मला कळत नाहीय. दोन्ही रेशीम आहेत."

इसोबेने वही मिटली. खोली एकदम गार पडल्यासारखी झाली. "दया करू नका माझ्यावर."

"काय म्हणालात?"

"तो तुकडा बिघडलेला आहे. सोड्यात जास्त वेळ राहिला. वजन चौथ्या हिश्शाने उतरलंय. दुसरा तयार नव्हता म्हणून जागा भरायला ठेवला मी. आणि नेमका तोच तुम्हाला रेशीम वाटतो?"

"इतके महिने खरं सांगितलं, तेव्हा विश्वास होता माझ्या बोटांवर!" ती ओरडली, तांगोचं ओरडणं. "बरं. माझं नका मानू. रविवारी घरी या. ज्यांना तुमच्यावर दया करायचं काही कारण नाही, त्यांच्या हातात द्या."

रविवारी दुपारी माग थांबवून तेत्सुजिरो बसले. आई सुझुएच्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून मासळीचा आंबट भात सुझुएनेच लाकडी साच्यात दाबून केला होता. कोणी त्याला हात लावला नाही. वडिलांनी आधी पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग तुकडा घेतला. डोळे मिटले. अंगठा फिरवला, मूठ आवळली, कानाशी नेली.

"बरं विणलंय," ते म्हणाले. "कोणाच्या मागावरचं? हाशिमोतोच्या?"

तेत्सुजिरोंनी डोळे उघडले. मुलीकडे बघितलं, मग त्या चष्म्याकडे. कडेचा एक धागा ओढून काढला आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर धरला. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत भुकटी उरते. वास आला नाही. धाग्याच्या टोकाला एक काळा मणी जमला. तेत्सुजिरोंनी तो चिमटीत दाबला. फुटला नाही. पुन्हा दाबला.

"तेलाचं," ते पुटपुटले. आता त्यांचा आवाज देवळात कोणी हळू बोलावं तसा होता. सुझुएने तो कधीच ऐकला नव्हता. "काय केलंत याला?"

"चूक झाली, ओतोसान... माफ करा, तेत्सुजिरोसान," इसोबे घाबरून म्हणाला. 'बाबा' हा शब्द तोंडातून निसटला होता. "सोड्यात उकळलं. वजन चौथ्या हिश्शाने उतरलं."

"चौथा हिस्सा." वडील हसले, पण डोळे ओले होते. "पोरा, माझं रेशीम मागावरून उतरतं तेव्हा पुठ्ठ्यासारखं असतं. साबणात उकळतो. चौथा हिस्सा जातो, तेव्हा कुठे ते रेशीम होतं. माझ्या आज्याने हेच केलं. काहीतरी गमावल्याशिवाय कापडाला अंग येत नाही. किती वेळ ठेवलं होतंत?"

"दहा मिनिटं ठेवायचं होतं."

"आणि ठेवलंत?"

"पन्नास."

"एवढा वेळ कुठे होतात?"

इसोबेने मान खाली घातली. "पुन्हा करायचं तर कारण वहीत लिहावंच लागेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सुझुएसानना बसपर्यंत सोडायला गेलो होतो. छत्रीतून. दोन बस... गेल्या. मीच बोलत राहिलो. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. अजूनही—" तो अडखळला. "अजूनही नाही."

तेत्सुजिरो मुलीकडे वळले. "पहिली बस भरलेली होती काय गं?"

सुझुएने भाताच्या साच्यावरचा ओला फडका सरळ केला. मग बोटं मांडीवर घेतली. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"रिकामी होती, बाबा," ती म्हणाली. "दुसरीसुद्धा."

तेत्सुजिरो उठले. "वहीत लिहा, पन्नास मिनिटं," असं म्हणून ते आतल्या मागाशी गेले. रविवार होता, काम नव्हतं, तरी त्यांनी माग सुरू केला, आणि घरभर खडखडाट भरून राहिला.

इसोबे काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं नाही. त्या आवाजात बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं, हे परगावच्या माणसाला कोण सांगणार?

सुझुए त्याच्याजवळ सरकली आणि त्याची बाही धरली. शिवण अजून उसवलेलीच होती.